पाच पायऱ्यांखालची कोठी

झाकलेलं पातेलं दिसलं की ग्लेनिस हॉइलचा हात झाकणाकडे जायचाच. एकतीस वर्षं तिने शाळेच्या भटारखान्यात काढली होती. "आत सगळं ठीक आहे" असं ज्याच्याबद्दल कोणी आपणहून सांगतं, नेमकं तेच पातेलं तळाला लागलेलं असतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. त्यामुळे मिस्टर ऑर्मरॉड या वकिलांनी टेबलावर नकाशा पसरून, त्यावर आपला गुबगुबीत पंजा ठेवून, "सगळं अगदी नेहमीसारखं आहे, मिसेस हॉइल," असं म्हटलं, तेव्हा ती नकाशाकडे न बघता पंजाकडे बघू लागली.

"हात उचला जरा," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"हात. त्याच्याखाली काय आहे?"

ऑर्मरॉडनी हात उचलला. नकाशावर लाल रेघेने रॉयड टेरेसवरचं चौदा नंबरचं घर आखलेलं होतं. पुढचं अंगण, जाड भिंती, सगळं रेघेच्या आत. अंगणालगतच्या एका कोपऱ्यात मात्र रेघ सरळ न जाता आत वळली होती. भाकरीचा तुकडा कोणी मोडून घ्यावा तशी.

"हा तुकडा कुठे गेला?"

"तेच सांगणार होतो मी."

"कधी? किल्ली हातात दिल्यावर?"

ऑर्मरॉडनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं तो या खोऱ्यातल्या घरांची खरेदीखतं करत आला होता, आणि या खोऱ्यातल्या घरांनी त्याचे केस पांढरे केले होते. डोंगर इतका उभा, की जुन्या गिरणीवाल्यांनी घरावर घर रचलेलं. खालच्या घराचं दार खालच्या गल्लीत, वरच्या घराचं दार मागच्या वरच्या गल्लीत. एकाचं छत ती दुसऱ्याची जमीन. मालक दोन, पत्ते दोन, आणि मधली भिंत नेमकी कोणाची ते फक्त देवाला आणि उंदरांना माहीत.

"त्या तुकड्यात कोठी आहे," ग्लेनिस म्हणाली. "स्वयंपाकघरातून पाच पायऱ्या खाली. मी घर त्या कोठीसाठी घेतेय."

"कागदोपत्री ती जागा खालच्या घराची दिसते. बीम स्ट्रीटवरचं घर. मालकीण कोणी मिसेस फर्थ."

"मग हा घरमालक क्रॅबट्री मला काय विकतोय? दुसऱ्याची कोठी?"

"आपण लेखी विचारणा करू," ऑर्मरॉड म्हणाले. कुठल्याही प्रश्नावर त्यांचं हे पहिलं उत्तर असे. चहात साखर हवी का, यावरही त्यांनी लेखी विचारणा केली असती.

*

ग्लेनिसने जन्मात कधी घर विकत घेतलं नव्हतं. एकोणसाठाव्या वर्षी ती वेळ आली, ती जुन्या घरमालकामुळे. बावीस वर्षांपूर्वी, नवरा सोडून गेला त्या साली, तिने गिरणीजवळचं ते घर भाड्याने घेतलं. "तुला हवं तितकी वर्षं राहा," म्हणून मालकाने हात पुढे केला, तिने तो हातात घेतला, आणि झालं. मालक शब्दाचा पक्का होता. दोष त्याचा इतकाच, की तो मेला. पुतण्याने पंधरवड्यात पत्र पाठवलं: घर विकायचं आहे, दोन महिन्यांत खाली करावे. हातात हात दिल्याचा कागद कुठे असतो? ग्लेनिसने त्या दिवसापासून ठरवलं, की यापुढे माणसाने श्वास घेतला तरी तो लिहून घ्यायचा.

शाळेच्या जुन्या, पाठकोऱ्या जेवणपत्रिका तिच्याकडे ढिगाने होत्या. त्यावर ती प्रश्न लिही आणि ऑर्मरॉडच्या टेबलावर ठेवी. पक्कं कधी होतं, सही केल्यावर की पैसे दिल्यावर? विकणाऱ्याने मध्येच दुसऱ्याला घर दिलं तर? छप्पर गळलं तर खालचीनेही पैसे द्यायचे का? पलटून बघितलं की मागे 'बुधवार: मटणाचा पाय, वाटाणे, कस्टर्ड'. ऑर्मरॉड आधी प्रश्न वाचत, मग कस्टर्ड वाचत, मग उत्तर देत.

आणि ती कोठी! पहिल्यांदा घर बघायला गेली तेव्हा तिने पायऱ्या उतरून दगडी फळीवर तळहात ठेवला होता. ऑगस्ट महिना, बाहेर माणसं वितळत होती, आणि फळी विहिरीच्या पाण्यासारखी गार. तिथे लोणी राहील, चीज राहील, नाताळचा केक दोन महिने मुरेल. आयुष्यभर दुसऱ्याच्या भटारखान्यात राबलेल्या बाईला आपली स्वतःची कोठी दिसली, की तिचं काय होतं ते वकिलाला काय कळणार?

दहा दिवसांनी उत्तर आलं. ऑर्मरॉडनी ते मोठ्याने वाचलं. "विक्रेत्याच्या माहितीप्रमाणे शेजाऱ्यांशी कोणताही वाद नाही. कोणतीही तोंडी वा लेखी व्यवस्था नाही. खरेदीदाराने स्वतःच्या पाहणीवर विसंबावे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. सगळे वकील हेच लिहितात. मीही लिहितो."

"स्वतःच्या पाहणीवर विसंबावे," ग्लेनिसने ते वाक्य जिभेवर घोळवलं. "बरं. विसंबते."

*

"पडद्यांची मापं घ्यायचीत," असं सांगून ती शनिवारी दुपारी रॉयड टेरेसवर गेली. आर्नल्ड क्रॅबट्री एक्याऐंशी वर्षांचे. घरातसुद्धा टाय बांधून बसलेले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. आता ते समुद्रकाठच्या व्हिटबीला लेकीकडे राहायला निघाले होते.

"पडदे तर मी सोडूनच जातोय," ते म्हणाले. "यादीत लिहिलंय."

यादी तिने वाचली होतीच. संशय तिथूनच सुरू झाला होता. माणसं घर विकताना बल्बसुद्धा काढून नेतात. तिच्या बहिणीच्या, थेल्माच्या, घराची तर जुन्या मालकाने दारावरची घंटा उपटून नेली होती. आणि हे गृहस्थ पडदे, दांड्या, दिवे, कोळशाची बादली, अंगणातल्या हायड्रेंजाच्या कुंड्या, सगळं सोडून चालले होते. "इतकं कोणी उगाच देत नाही," थेल्मा फोनवर म्हणाली होती. "एक तर जमिनीखाली कोणी पुरलंय, नाहीतर तू त्याला आवडलीस. पुरलेलं असेल तर बरं, कटकट कमी."

ग्लेनिसने पडद्यांची दोन मापं नावापुरती घेतली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. आर्नल्ड काठी टेकत मागोमाग.

"तिकडे पडदे नाहीत, मिसेस हॉइल."

"नसूदेत." ती पाच पायऱ्या उतरली.

आत गारवा, अंधार, आणि एक वास. लोण्याचा नव्हे, चीजचा नव्हे. लव्हेंडरच्या साबणाचा. ग्लेनिसने नाक भिंतीला लावलं. भिंतीपलीकडे पाणी पडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी चर्चमधलं गाणं गुणगुणायला लागलं, बेसूर, पण मन लावून.

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

"डोंगर," वरून आर्नल्ड म्हणाले.

"डोंगर अंघोळ करतोय?"

"नळ असतील," ते म्हणाले. "जुने नळ असेच वाजतात."

"आणि सूर कोण लावतंय? नळच?"

"चहा घेणार का?" आर्नल्डनी विचारलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. पुढचा अर्धा तास ते व्हिटबीच्या हवेबद्दल बोलले, आणि ग्लेनिसने चहा घेतला. कपाच्या कडेवरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलत होता. सराईत खोटारडा परवडला, तिला वाटलं; तो निदान कशासाठी बोलतोय ते कळतं.

*

"अंघोळ?" ऑर्मरॉड म्हणाले. "डोंगरात?"

"माझ्या कानांनी ऐकलं. तिथे कागदावर नसलेलं काहीतरी आहे, आणि क्रॅबट्रीला ते माहीत आहे."

ऑर्मरॉडनी पेन खाली ठेवलं. "यावर नेहमीचा उपाय आहे. विमा. एकदाच छोटा हप्ता भरायचा. उद्या मिसेस फर्थनी कोठीवर हक्क सांगितला, तर कंपनी तुमचं नुकसान भरून देईल. कर्ज देणाऱ्या संस्थेलाही तेवढं पुरतं."

"आणि कोठी?"

"कोठी... त्यांची होईल."

"म्हणजे चेक मला आणि चीज तिला."

"अट मात्र एक आहे, आणि ती नीट ऐका." ऑर्मरॉड पुढे वाकले. "मिसेस फर्थशी या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही. तुम्ही नाही, मी नाही, कोणीच नाही. त्यांना विचारलं, की विमा मिळत नाही."

बाहेर बस थांबली, निघून गेली.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ज्या एका बाईला खरं माहीत आहे, तिलाच तेवढं विचारायचं नाही. बाकी गावभर विचारलं तरी चालेल."

"कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर..."

"माझ्या दृष्टीने बघा. मी तिच्या डोक्यावर राहणार. रोज. तिची कोठी वापरणार, आणि जिन्यात भेटली की हवापाण्याच्या गप्पा मारणार?"

"तुमचे जिने वेगवेगळे आहेत," ऑर्मरॉड म्हणाले. "गुरुवारपर्यंत सांगा. महिनाअखेर तुम्हाला घर सोडायचंय ना?"

सोडायचं होतं. अर्धे खोके भरूनही झाले होते. गुरुवारपर्यंत तीन दिवस. विमा घेतला तर घर मिळत होतं, तोंडाला कुलूप लावून. बोलायला गेली आणि ती फर्थबाई 'कोठी माझी' म्हणून बसली, तर विमाही गेला, कर्जही गेलं, घरही गेलं. एवढं सगळं तिला कळत होतं. कळूनही बुधवारी दुपारी ती दगडी पायऱ्यांची वाट उतरून बीम स्ट्रीटवर आली. नुसतं खालून घर बघायचं, असं ती स्वतःला सांगत होती, आणि स्वतःवरही तिचा फारसा विश्वास नव्हता.

*

दारात एक बारीक, ताठ म्हातारी फडक्याने पितळी कडी घासत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"तूच ना गं वरचं घर घेणारी?"

ग्लेनिस थबकली. "मी सहज चालले होते."

"सहज चालणारी माणसं माझ्या गटाराच्या पाइपाकडे बघत उभी राहत नाहीत." म्हातारीने कडीवर एक फुंकर मारली. "माझ्याशी बोलू नको म्हणून सांगितलंय ना तुला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गेल्या वर्षी एक जोडपं आलं होतं घर घ्यायला. मला बघितलं की दोघं हसायचे आणि पळत सुटायचे. त्याच्या आधी एक मास्तर होता, तो तर रस्ता ओलांडायचा. त्यांतल्या कोणीच घर घेतलं नाही. मला वाटायला लागलं, माझ्या अंगाला वास येतो की काय."

"छे, वास कसला येतोय," ग्लेनिस बोलून गेली. "तुम्ही तर दुपारी तीनला अंघोळ करता. लव्हेंडरच्या साबणाने."

फडकं थांबलं. एनिडबाई फर्थ वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा कडीपेक्षा पिवळा पडला होता.

"कोणी सांगितलं तुला? आर्नल्डने?"

"त्यांनी नळ आहेत म्हणून सांगितलं."

"मग तुला काय हवंय?"

तो आवाज ग्लेनिसच्या ओळखीचा होता. पुतण्याचं पत्र आलं त्या दिवशी तिच्या स्वतःच्या घशातून तसाच निघाला होता. आता पुढे बोलायचं म्हणजे विमा गेला. अजून मागे फिरता येत होतं. 'बरं, येते' एवढंच म्हणायचं होतं. तिने पर्स घट्ट धरली.

"मिसेस फर्थ, ती पाच पायऱ्यांखालची कोठी तुमची आहे का?"

एनिडबाईंनी गल्लीत दोन्हीकडे बघितलं. "आत ये," त्या म्हणाल्या. "चपला पूस."

खालचं घर मागच्या बाजूला आंधळं. तिकडे खिडकी नाही, नुसता डोंगर. वरच्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला एक दार होतं. एनिडबाईंनी ते उघडून दिवा लावला. आत शेवाळी हिरवा टब, हिरवं बेसिन, हिरवा कमोड, सगळं घासून घासून काचेसारखं केलेलं. वर गोल दगडी कमान.

"या कमानीवर काय आहे ठाऊक आहे? आर्नल्डचं अंगण. बरोब्बर हायड्रेंजाच्या कुंड्या."

ग्लेनिसने मान वर करून बघितलं. तिच्या डोळ्यांपुढे ऑर्मरॉडचा नकाशा उभा राहिला. अंगण लाल रेघेच्या आत होतं. मग अंगणाखालचंही.

"तेव्हा आमचा संडास बाहेर, परसाच्या टोकाला," एनिडबाई सांगत होत्या. "मी पोटुशी, सातवा महिना, आणि जानेवारीतलं गोठलेलं दव. दोनदा पडले. आर्नल्डचा बाप वरून बघत होता. तसा तुसडा माणूस, पण खाली आला आणि माझ्या सासूला म्हणाला, माझ्या अंगणाखाली खणा आणि पोरीला न्हाणीघर करून द्या. बदल्यात तो मागचा अंधारा कोपरा मला द्या, माझ्या बायकोला मांस टांगायला गार जागा हवी आहे. झालं. दोघांनी हात मिळवले. माझा नवरा आणि आर्नल्ड, दोघांनी तीन आठवडे बादल्यांनी माती काढली."

"आणि कागद?"

"कसला कागद? शेजारी होतो आम्ही."

"मग आता बोलत का नाही तुम्ही दोघं?"

"बोलत नाही कसं? नाताळला कार्ड पाठवतो. रस्त्यात दिसला की मान हलवतो." एनिडबाई टबाच्या काठावर बसल्या. "म्हातारा गेला, सासू गेली, मग माझा नवरा गेला. अंगण आर्नल्डच्या नावावर झालं. मनात आलं, याने एक दिवस म्हटलं, की बाई, माझ्या जमिनीतून तुझा टब उचल, तर मी काय दाखवू? म्हणून मी विषयच काढला नाही. त्यानेही नाही. चाळीस वर्षांत एकदासुद्धा भांडलो नाही आम्ही."

"भांडला असतात तर बरं झालं असतं," ग्लेनिस म्हणाली. "एखादा कागद तरी झाला असता."

एनिडबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. "आता अंगण तुझं होणार. तू कशावरून नाही म्हणणार, टब उचल म्हणून?"

खोटं कशाला सांगा, क्षणभर ग्लेनिसला बरं वाटलं होतं. बावीस वर्षं दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहिलेल्या बाईच्या हातात पहिल्यांदाच कोणाचं तरी न्हाणीघर आलं होतं. मग तिची नजर टबाच्या काठावर गेली. तिथे लव्हेंडरच्या साबणाची झिजलेली वडी नव्या वडीच्या पाठीवर चिकटवून ठेवलेली होती. ती स्वतः अगदी तसंच करायची.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "न्हाणीघर तुमच्या नावावर, कोठी माझ्या. कायमचं. वकिलाकडून."

"कागदावर फसवतात."

"हात मिळवून जास्त फसवतात. पार मरून फसवतात."

एनिडबाईंनी शिवणाच्या डब्यातून स्प्रिंगची टेप काढून आणली. एक टोक ग्लेनिसने धरलं, एक त्यांनी. मधल्या भिंतीची लांबी आठ फूट चार इंच भरली. मग दोघींनी टोकं अदलाबदल करून पुन्हा मोजलं.

*

"बोललात?" ऑर्मरॉड म्हणाले. "मिसेस फर्थशी?"

"चहा घेतला. पार्किनचे, म्हणजे आल्याच्या केकचे, दोन तुकडे खाल्ले. गूळ जरा जास्त झाला होता."

ऑर्मरॉडनी डोळे मिटले. विमा तर गेलाच होता. आता अदलाबदलीचं रीतसर खत करावं लागणार. एनिडबाईंना त्यांचा स्वतंत्र वकील लागणार, कर्ज देणाऱ्या संस्थेची संमती लागणार, नवे नकाशे, नोंदणी. "आणि महिनाअखेर तर तुम्हाला..."

"रस्त्यावर यायचंय. माहीत आहे."

"रस्त्यावर कशाला?" ऑर्मरॉडना खरंच आश्चर्य वाटलं. "नोटिशीची तारीख म्हणजे दाराला कुलूप नव्हे. तुम्ही निघाला नाहीत, तर त्या पुतण्याला कोर्टात जावं लागेल. त्याला वेळ लागतो. तोवर भाडं भरत राहा."

ग्लेनिसने टेबलावर हात आपटला. "हे आधी का नाही सांगितलंत? महिनाभर झोप नाही मला!"

"तुम्ही विचारलं नाहीत," ऑर्मरॉड म्हणाले. आणि जेवणपत्रिकांच्या ढिगाकडे बघून जरा ओशाळले. "म्हणजे, बाकी सगळं विचारलंत."

ढीग तिने स्वतः चाळून बघितला. खरंच विचारलं नव्हतं. एवढी संशयखोर बाई, पण त्या एका पत्रावर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला होता. कारण ते वाईट सांगत होतं.

राहिले आर्नल्ड क्रॅबट्री. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं: विक्रेत्याला अशा कोणत्याही व्यवस्थेची माहिती नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा ग्लेनिसने पत्र पाठवलंच नाही. रविवारी चर्च सुटल्यावर तिने एनिडबाईंना हाताला धरून दगडी पायऱ्यांच्या वाटेने वर आणलं, आणि चौदा नंबरचं दार वाजवलं. एनिडबाई त्या दारात तीस वर्षांत आल्या नव्हत्या.

आर्नल्डनी दार उघडलं. टाय होताच.

"एनिड."

"आर्नल्ड."

हवेबद्दलसुद्धा कोणी बोलेना, म्हणजे प्रकरण गंभीर.

"मी नळ आहे म्हणालास म्हणे," एनिडबाई म्हणाल्या.

"मग काय सांगायचं होतं?" आर्नल्डचे कान पेटले. "परक्या बाईला सांगू, की पलीकडे एनिड फर्थ अंघोळ करतेय?"

"कागदावर तरी खरं लिहायचंस!"

"कागदावर लिहिलं असतं, तर कोणीतरी नकाशा घेऊन आलं असतं, आणि तुला ते न्हाणीघर बुजवायला लावलं असतं! त्या बादल्या मी वाहिल्यात, एनिड. परत भरायला माझ्यात ताकद नाही." काठी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "घेणाऱ्याला काही कळलंच नाही, तर तो तुझ्या वाटेला जाणार नाही, असं वाटलं मला."

एनिडबाईंनी नाक ओढलं. "आणि मला वाटत होतं, तू माझा टब विकतोयस. तरी मी कोठीबद्दल तोंड उघडलं नाही. म्हटलं, जाऊदे, त्याला लेकीकडे जायचंय, त्याचं घर तरी विकलं जाऊदे."

ग्लेनिस दोघांच्या मधे उभी होती. दोघं खरं बोलत होते की काय, याची खात्री करायला तिने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. दोघंही बुटांकडे बघत होते. खरंच बोलत असावेत.

"सही करणार ना?" तिने विचारलं.

"करतो," आर्नल्ड म्हणाले. "पण आधी आत या. दार उघडं राहिलंय, ऊब जातेय सगळी."

*

सहा आठवडे लागले. एका मंगळवारी सकाळी दोन्हीकडच्या वकिलांनी फोनवर तारीख बोलून घेतली, आपापल्या प्रतीवर लिहिली, आणि ऑर्मरॉडनी ग्लेनिसला कळवलं, "झालं. आता कोणालाही मागे फिरता येणार नाही. तुम्हालाही नाही."

"हे वाक्य लिहून पाठवा," ग्लेनिस म्हणाली. त्यांनी पाठवलं.

किल्ली मिळाली त्या दुपारी तिने खोके दारातच टाकले, पाच पायऱ्या उतरली आणि दगडी फळीवर तळहात ठेवला. गार. कागद झाला म्हणून फळी काही जास्त गार झाली नव्हती, तरी तिने हात जरा जास्त वेळ ठेवला. तीन वाजले. पलीकडे पाणी सुटलं, लव्हेंडरचा वास आला, गाणं सुरू झालं.

ग्लेनिसने खिशातून टेप काढली. उगाच. विश्वास होताच, पण बघायला काय जातंय? तिने भिंत मोजली. आठ फूट चार इंच. टेप सोडली तशी ती खर्रकन आत गेली.

पलीकडचं गाणं थांबलं. थोड्या वेळाने तिकडूनही तसाच खर्र आवाज आला.

"किती भरलं गं तुझं?" भिंतीतून एनिडबाईंचा आवाज आला.

"आठ फूट चार इंच. तुमचं?"

"तेवढंच." पाणी परत सुरू झालं, आणि लगेच बंद झालं. "पण तू उजवीकडून परत एकदा बघ बरं."